दानपेटीतले पैसे नैरोबीपर्यंत कसे पोहोचतील?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे परदेशातल्या मुलांना मदत पाठवावी का आणि कशी, या एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे निवृत्तिवेतन आणि मृत्युपत्र यांविषयीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. बँकेच्या परकीय चलन विभागात काढलेली वर्षे आणि पुण्यातल्या आमच्या मंडळीची (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाची) खजिनदार म्हणून सांभाळलेली वही, या दोन्हींचा एकाच उत्तरात उपयोग व्हावा असा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो. त्यामुळे पहिले उत्तर नेहमीपेक्षा लांबले आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : आमची मंडळी पुणे कॅम्प भागात असून सुमारे ८० कुटुंबे सभासद आहेत. सकाळच्या मराठी उपासनेनंतर इंग्रजी उपासना होते आणि तिला पुण्यात शिकायला आलेले काही केनियन विद्यार्थी येतात. त्यांपैकी एकाने नैरोबी शहरात रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी चालणाऱ्या एका केंद्राची माहिती मंडळीसमोर सांगितली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. हंगामाच्या सणातील लिलाव आणि नाताळाआधीचा फनफेअर यांतून जमणारी रक्कम या केंद्राला द्यावी, असे पंच कमिटीत जवळजवळ ठरले आहे. ही रक्कम ट्रस्टच्या खात्यातून पाठवता येईल का, की खजिनदार या नात्याने मी माझ्या खात्यातून पाठवावी? त्या विद्यार्थ्याने असेही सुचवले आहे की त्याची येथील महाविद्यालयाची फी मंडळीने भरावी आणि तेवढीच रक्कम त्याचे वडील तिकडे केंद्राला देतील, म्हणजे बँकेचा खर्च वाचेल. हे योग्य होईल का?
(एक खजिनदार, पुणे. नाव छापू नये अशी विनंती.)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या बाबतीत चूक झाली तर ती निस्तरता येते, यातली चूक मात्र मंडळीला महागात पडेल. विद्यार्थ्याची सूचना सरळ मनाने आलेली असणार याविषयी मला शंका नाही. घरून फी मागवायची तर वाटेतल्या बँका आपापला वाटा कापून घेतात आणि तेवढ्या पैशांत काही मुलांचे जेवण होईल असे त्याला वाटले असेल. परंतु येथे रुपये द्यायचे आणि त्याच्या बदल्यात तिकडे दुसऱ्या कोणी शिलिंग, म्हणजे केनियाचे चलन, मोजायचे, अशा परस्पर वळत्या व्यवहारालाच आपण हवाला म्हणतो, आणि परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९, म्हणजे ज्याला सगळे ‘फेमा’ म्हणतात, त्यात याला मुभा नाही. हेतू चांगला होता हे उत्तर चौकशीच्या वेळी उपयोगी पडत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्या वहीत या रकमेपुढे काय लिहिणार, हा प्रश्न उरतोच. ‘विद्यार्थ्यास फी’ असे लिहिले तर ते खोटे ठरते आणि ‘नैरोबी केंद्रास देणगी’ असे लिहिले तर तिची पावती आपल्यापाशी नसते. त्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन, त्याचा मान राखून, हे समजावून सांगावे.

आता आपल्या स्वतःच्या खात्याविषयी. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना २००४ साली सुरू झाली. बँकेच्या खिडकीवर तिला ‘एलआरएस’ म्हणतात. आजच्या नियमानुसार भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम या योजनेखाली बाहेर पाठवू शकते आणि भेट व देणगी ही दोन्ही कारणे तीत बसतात. मर्यादा एवढी मोठी आहे की फनफेअरच्या पैशांना तिची अडचण कधीच येणार नाही. अडचण आहे ती ‘व्यक्ती’ या शब्दाची. ट्रस्ट, कंपनी, भागीदारी संस्था यांना ही वाट खुली नाही, आणि आपण व्यक्ती असलात तरी पैसे आपले नाहीत. अर्जासोबत जे घोषणापत्र द्यावे लागते, त्यात पाठवली जाणारी रक्कम माझ्या मालकीची आहे असे आपल्या सहीने लिहून द्यावे लागते. लिलावात विकलेल्या पपया आणि अंडी, सामोशांचा स्टॉल, लहान मुलांच्या खेळांची तिकिटे यांतून जमलेला पैसा आपला आहे असे आपण लिहून देऊ शकत नाही. बँकेत असताना असे अर्ज घेऊन आलेले प्रामाणिक खजिनदार मी पाहिले आहेत. त्यांना परत पाठवताना वाईट वाटे, पण परत पाठवावेच लागे.

राहिली ट्रस्टच्या खात्याची वाट. ती पूर्ण बंद आहे असे मी म्हणणार नाही, पण ती सहजासहजी उघडणारीही नाही. मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर प्रथम ट्रस्टच्या घटनेत भारताबाहेर मदत करण्याचे उद्दिष्ट आहे का ते पाहावे. जुन्या घटनांत ते बहुधा नसते. दुसरे म्हणजे धर्मादाय संस्थेच्या उत्पन्नाला प्राप्तिकरात जी सूट मिळते, ती मुळात भारतात केलेल्या खर्चासाठी आहे. परदेशात खर्च केलेल्या रकमेला सूट हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा खास आदेश लागतो, आणि ८० कुटुंबांच्या मंडळीने एका फनफेअरसाठी त्या मागे लागणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखे आहे. आपल्या सनदी लेखापालाला विचारून घ्यावे, पण तो याहून वेगळे काही सांगेल असे मला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की दोन डबे करावेत. मंडळीच्या नावाने जे जे जमेल, म्हणजे लिलाव, फनफेअर, उपासनेतील दानार्पण, तरुण संघाने नाताळात घरोघरी कॅरल गाऊन पावतीवर गोळा केलेले पैसे, ते सगळे पहिल्या डब्यात, आणि तो डबा भारतातल्याच मुलांसाठी. त्याविषयी दुसऱ्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे. दुसरा डबा खरे तर डबा नव्हेच. ज्या कुटुंबांना नैरोबीच्या केंद्राला द्यायचे आहे, त्यांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅन क्रमांकावर, स्वतःच्या कमाईतले पैसे थेट केंद्राच्या खात्यात पाठवावेत. मंडळीने फक्त माहिती पुरवावी, केंद्राशी पत्रव्यवहार ठेवावा आणि कोणाचे पैसे पोहोचले याची विचारपूस करावी. दर पाठवणीमागे बँकेचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी लागतो आणि मधल्या बँकेची कपातही होते, त्यामुळे दर महिन्याला हजार रुपये पाठवण्यापेक्षा ते बाजूला ठेवून वर्षातून एकदा बारा हजार पाठवणे शहाणपणाचे. पाच-सहा कुटुंबे जरी अशी निघाली आणि ती तीन वर्षे टिकली, तरी एका नाताळच्या भरघोस रकमेपेक्षा केंद्राला त्यांचा आधार मोठा वाटेल.

आपण विचारले नाही, पण सांगितले पाहिजे अशी एक गोष्ट या ओघात येते. इंग्रजी उपासनेला येणारे विद्यार्थी केनियाचे नागरिक आहेत. त्यांनी दानाच्या थाळीत टाकलेली शंभराची नोट रुपयांत असली तरी परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१०, म्हणजे ‘एफसीआरए’, याच्या दृष्टीने ते परकीय अंशदान ठरू शकते. अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतलेले आपले नातेवाईक सुटीत येऊन लिलावात बोली लावतात, त्यांनाही हेच लागू होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांच्या स्वतःच्या बचतीला मात्र नाही. ट्रस्टची एफसीआरए नोंदणी नसेल तर या परकीय नागरिकांकडून देणगी घेऊ नये. त्यांनी स्टॉल मांडायला मदत करावी, गावे, वाढावे, त्याला कोणाची हरकत नाही.

इतका वेळ पैसा कसा जाईल याविषयी लिहिले. तो कोणाकडे जातो हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि आपल्या पत्रात त्याविषयी एक ओळही नाही. नैरोबीत रस्त्यावरच्या मुलाला ‘चोकोरा’ म्हणतात. कचरा उकरून जगणारा असा त्याचा हिणकस अर्थ. विद्यार्थ्याने मंडळीसमोर बहुधा सांगितले असेल की ही मुले चांभारकामात वापरतात तो डिंक प्लास्टिकच्या बाटलीत तळाशी घेऊन ती बाटली ओठांत धरून हिंडतात. भूक आणि थंडी या दोन्ही त्या वासाने काही वेळ मरतात. थंडी म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला आश्चर्य वाटते, पण नैरोबी पुण्याच्या तिप्पट उंचीवर आहे आणि जुलैतल्या रात्री तेथे फुटपाथवर झोपणे सोपे नाही. आपल्या पुणे स्टेशनाच्या परिसरातही हातरुमालावर ‘सोल्यूशन’ ओतून हुंगणारी मुले दिसत आली आहेत, म्हणून हे चित्र आपल्याला परके वाटू नये.

अशी बहुतेक मुले पोरकी नसतात, हे मात्र थोड्याच दात्यांना ठाऊक असते. कुठेतरी आई असते, आजी असते, कधी सावत्र बाप आणि त्याचा मार असतो, कधी घरभाडे थकल्यामुळे झोपडीतून काढलेले सगळे कुटुंबच असते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ साली रस्त्यावरील मुलांविषयी स्वतंत्र भाष्य प्रसिद्ध केले, त्यात या मुलांना उचलून कोंडणे हा उपाय मानलेला नाही. मुलाचे ऐकून घेऊन, त्याच्याशी नाते जोडून त्याच्यासाठी मार्ग काढावा, असाच त्याचा रोख आहे. केनिया सरकारनेही २०२२ ते २०३२ या दहा वर्षांसाठी धोरण आखले आहे, आणि मुलांना वसतिगृहवजा संस्थांतून कुटुंबांकडे नेणे हा त्याचा गाभा आहे. म्हणून ज्या केंद्राचे पत्रक ‘आमच्याकडे साठ मुले आहेत, आणखी साठ खाटांसाठी इमारत हवी’ असे म्हणत असेल, त्याच्याविषयी मी सावध होईन. खाटा वाढल्या की त्या भरण्यासाठी मुले आणावी लागतात, आणि गरीब आईला ‘तुझ्या मुलाला शिकवू’ असे सांगून मूल आणणे कठीण नसते.

केंद्राला पत्र लिहून विचारावे की गेल्या वर्षी किती मुले घरी किंवा नातेवाइकांकडे परत गेली, त्यांपैकी किती आज तेथेच आहेत आणि ती पुन्हा रस्त्यावर आली नाहीत याची खातरजमा करायला कोण जाते. रात्री मुलांजवळ कोण झोपते आणि त्या माणसाला नेमताना त्याची चौकशी कशी केली, हेही संकोच न करता विचारावे. तेथील सरकारी नोंदणीचे प्रमाणपत्र आणि तपासून घेतलेले हिशेब मागावेत. बँक खाते संस्थेच्याच नावाचे हवे. केनियात २००७ पासून एम-पेसामुळे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सवय घराघरांत पोहोचली आहे, त्यामुळे एखाद्याचा मोबाइल क्रमांक देऊन ‘यावर पाठवा’ असे उत्तर आले तर त्यात लबाडीच असेल असे नाही, पण तेथे पाठवू मात्र नये. ‘मुलाला प्राथमिक शाळेत घालायचे आहे, फी द्या’ असे आवाहन असेल तर फी नेमकी कशाची ते विचारावे, कारण केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे. गणवेश, वह्या, दुपारचे जेवण यांचा खर्च असतो, तो खराही असतो. तसे लिहून यावे एवढेच.

आणि एक गोष्ट, जी आमच्या मंडळीला पटवायला मला दोन वार्षिक सभा लागल्या. देणाऱ्याला ब्रेड, ब्लँकेट, वही यांसाठी द्यायला आवडते; पगारासाठी दिलेले पैसे वाया गेले असे त्याला वाटते. परंतु बाटली तोंडात धरलेल्या मुलाशेजारी महिना-दोन महिने रोज जाऊन बसणारी, त्याचे गाव विचारून काढणारी, मग मटाटूने तिथवर जाऊन त्याच्या आजीला भेटणारी जी कार्यकर्ती असते, ती पगारावर असते. मटाटू म्हणजे आपल्या सहा आसनीसारखी तिकडची खासगी गाडी. त्या कार्यकर्तीचा पगार बंद झाला की मुलाची आजी कोणालाच सापडत नाही. केंद्राने खर्चाच्या यादीत तिचा पगार आणि भाडे लिहिले असेल तर तो आकडा पाहून नाक मुरडू नये; मी तर सर्वप्रथम तोच आकडा शोधीन.

थोडे पण नेमाने देणे कसे असते हे पाहायचे तर मिझोरममधल्या बायकांकडे पाहावे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि तो तांदूळ चर्चला द्यायचा, हा तेथील रिवाज १९१० साली सुरू झाला आणि अजून चालू आहे. आपल्याकडे मूठभर धान्य दारी आलेल्याला देण्याची रीत होतीच. तिला मिझो बायकांनी वहीची जोड दिली. फनफेअर अवश्य करावा, लहान मुलांना तो दिवस वर्षभर आठवतो, पण नैरोबीच्या कार्यकर्तीला तिचा पगार दर महिन्याला लागतो.

प्रश्न : माझ्या शेजारणीच्या चर्चमध्ये आफ्रिकेतल्या मुलांसाठी पैसे गोळा करण्याचे चालले आहे असे कळले. पुणे स्टेशनवर, सिग्नलवर मुले दिसत असताना परदेशातल्या मुलांचा पुळका कशाला? आणि या मदतीबरोबर धर्मही जातो, हे खोटे आहे का?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न रोखठोक आहेत आणि मला ते आवडले. पहिल्याचे उत्तर वर अर्धे येऊन गेले आहे : कायद्याच्या रचनेमुळेच मंडळीचा सामाईक पैसा येथे राहतो आणि तो सिग्नलवरच्या मुलांसाठी वापरता येतो. त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. पुण्यात मुलांसाठी नोंदणीकृत संस्था आहेत, बालकल्याण समिती आहे, आणि एकटे, भेदरलेले मूल दिसले तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक फिरवायला पैसेही लागत नाहीत. सिग्नलवर दहा रुपये हातावर ठेवण्यापेक्षा तो फोन अधिक कामाचा आहे. शेजारणीच्या चर्चने फनफेअरच्या तिकिटामागे हा क्रमांक छापावा असे मी तिला सांगेन.

परदेशातल्या मुलांना का द्यावे, याचे उत्तर मात्र पुणेकराला आपल्याच गावात सापडते. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना, १८८७ च्या डिसेंबरात, बोस्टनमध्ये ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. आपण कधीही पाहणार नाही अशा हिंदुस्थानातल्या बालविधवांसाठी तिकडच्या चर्चमधल्या बायकांनी डॉलर बाजूला काढले, आणि त्यातून मार्च १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन उघडले, जे पुढच्याच वर्षी पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला त्यांची सोय केली, तेव्हाही परदेशातून येणाऱ्या पैशांचा त्यांना आधार होता. त्या बोस्टनवासी बायकांना ‘तुमच्या शहरात गरीब मुली नाहीत का’ असे कोणी ना कोणी विचारलेच असणार.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच वास्तूत आहे. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता आणि त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार झाली होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी बळजबरी केली नव्हती असे मी मानतो, मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण जेवण, छप्पर आणि शिक्षण ज्याच्या हातून मिळते, त्याच्या प्रार्थनेला बसायचे की नाही हे दहा वर्षांच्या मुलीला खरोखर मोकळेपणाने ठरवता येते का, हा रानड्यांचा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. म्हणून आपल्या शेजारणीला माझा निरोप सांगावा की केंद्राला पत्र लिहिताना, मुलाने प्रार्थनेला बसायचे नाकारले तर त्याला ताट मिळते का, हेही विचारावे. मिळत असेल तरच पैसे द्यावेत. मुलांमध्ये केनियाच्या किनारपट्टीकडून आलेली मुसलमान मुलेही असू शकतात, त्यांच्या आयांना आपल्या मुलाचा धर्म आपल्याइतकाच प्रिय असतो.

प्रश्न : आम्ही तरुण संघातर्फे फ्लेक्स करणार आहोत. त्यावर एका मुलाचा आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो घालायचे आहेत. केंद्राने फोटो पाठवले आहेत. घालावेत का?
(तरुण संघाची सचिव, खडकी)

उत्तर : घालू नयेत. ही कल्पना दीडशे वर्षे जुनी आहे आणि तेव्हाच ती अंगाशी आली होती. लंडनमध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी मोठे काम उभारणाऱ्या थॉमस बर्नार्डो यांनी अशाच जोडचित्रांची कार्डे विकून निधी उभारला. मुलांचे कपडे अधिक फाटके दिसतील अशी मांडणी करून फोटो काढले जातात असा आरोप झाला, १८७७ साली लवादापुढे चौकशी झाली, आणि बहुतेक आरोपांतून ते सुटले तरी या चित्रांबद्दल मात्र लवादाने त्यांना दोष दिला. ज्याचे काम खरे होते त्याला खोट्या फोटोंनी मान खाली घालायला लावली.

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. नैरोबीचे मूल त्या कायद्याखाली येत नसेल, पण खडकीच्या चौकात आपल्या धाकट्या भावाचा, नाक वाहणारा, फाटक्या बनियनमधला फोटो दहा फूट उंच लावलेला आपल्याला चालेल का, एवढे स्वतःला विचारावे. तो मुलगा उद्या मोठा होऊन पुण्यातच शिकायला येऊ शकतो. फ्लेक्सवर शहराचा नकाशा, केंद्रातले दुपारचे जेवण, पाठीमागून काढलेली शाळेची रांग चालेल, आणि कोणता खर्च किती हे मोठ्या अक्षरांत लिहिले तर पुण्यातला माणूस ते थांबून वाचतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : पैशांऐवजी जुने कपडे आणि स्वेटर पाठवले तर?
(एक गृहिणी, येरवडा)

उत्तर : आम्ही हे करून पाहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने आफ्रिकेतल्या एका वसतिगृहासाठी तीन खोकी भरली. कपडे धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून भरले होते, आणि वरच माझ्या मुलाचा शाळेचा निळा स्वेटर होता, ज्याच्या कोपरावर आईने ठिगळ विणले होते. पाठवणीचा खर्च कपड्यांच्या किमतीहून जास्त आला. खोकी तिकडच्या बंदरात जकातीसाठी अडकली, वसतिगृहाने ती सोडवायला स्वतःच्या गाठीचे पैसे घातले, आणि मग अत्यंत नम्र भाषेत पत्र आले की आपले प्रेम पोहोचले, कृपया पुन्हा खोकी पाठवू नयेत. नंतर कळले की केनियासारख्या देशांत युरोप-अमेरिकेतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, त्यांना ‘मितुंबा’ म्हणतात आणि नैरोबीच्या गिकोंबा बाजारात ते ढिगाने मिळतात. स्वेटर तिकडेच स्वस्त पडतो. आपले जुने कपडे येरवड्यात ज्याला हवेत त्याला द्यावेत.

प्रश्न : नैरोबीच्या केंद्राला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०-जीची सवलत मिळेल का?
(एक निवृत्त शिक्षक, वडगाव शेरी)

उत्तर : नाही. ती सवलत भारतात मान्यता मिळालेल्या संस्थांना दिलेल्या देणगीपुरतीच आहे. येथल्या मान्यताप्राप्त संस्थेला देतानाही दोन हजार रुपयांच्या वर रोख देऊ नये, कारण रोखीच्या त्या रकमेवर सवलत मिळत नाही. धनादेश किंवा यूपीआयने द्यावे आणि पावतीवर संस्थेचा पॅन आहे का ते तेथेच उभे राहून पाहावे.